सॉफ्टवेअरची चाचणी : मानवी मन आणि कामाची लय



अमेरिकेतील टेक्सास राज्यात टायलर नावाचे शहर आहे. तेथील कर्करोग उपचार केंद्रात मार्च १९८६ मध्ये 'थेरॅक-२५' या किरणोपचार यंत्रावर एका रुग्णाचा नेहमीचा उपचार सुरू होता. यंत्र चालविणारी तंत्रज्ञ अनुभवी होती. पडद्यावर माहिती भरताना तिच्या हातून इलेक्ट्रॉन किरणांऐवजी क्ष-किरणांचे अक्षर टंकले गेले. चूक तिच्या लगेच लक्षात आली. तिने ते अक्षर बदलले, पुढील रकान्यांतील आकडे बरोबर असल्यामुळे 'रिटर्न'ची कळ भराभर दाबली आणि उपचार सुरू करण्याची आज्ञा दिली. यंत्राने 'मालफंक्शन ५४' असा संदेश दाखविला. अशा प्रकारचे संदेश त्या यंत्रावर वरचेवर येत असत. त्यामुळे तिने पुढे जाण्याची कळ दाबली. रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरणोत्सर्ग मिळाला. तीन आठवड्यांनी त्याच केंद्रात तसाच दुसरा अपघात झाला. दोन्ही रुग्ण पुढे दगावले. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राचे असे सहा अपघात नोंदले गेले.

पहिल्या अपघातानंतर निर्मात्या कंपनीच्या अभियंत्यांनी यंत्र तपासले. पण त्यांना दोष पुन्हा घडवून आणता आला नाही. दुसऱ्या अपघातानंतर केंद्रातील भौतिकशास्त्रज्ञाने त्याच तंत्रज्ञाला बरोबर घेऊन तोच क्रम पुन्हा पुन्हा करून पाहिला, तेव्हा कारण उलगडले. यंत्रातील चुंबके जुळून येण्यास सुमारे ८ सेकंद लागत. त्या ८ सेकंदांच्या आत माहिती दुरुस्त केली, तर आज्ञावलीचा एक भाग ती दुरुस्ती हिशेबात घेत नसे. एकेक रकाना सावकाश तपासत जाणाऱ्याला हा दोष दिसणे अशक्य होते. शेकडो उपचार करून जिचा हात बसला होता, तिच्याच वेगाने तो उघड केला.

या घटनेकडे बहुधा तांत्रिक दोषाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. तथापि तिच्यात आणखी एक धडा आहे. चाचणी करणाऱ्यांच्या कामाची लय आणि प्रत्यक्ष वापर करणाऱ्यांच्या कामाची लय यांत अंतर पडले आणि दोष त्या अंतरात लपून राहिला. सॉफ्टवेअरची चाचणी यंत्रावर होत असली, तरी ती माणसे करतात. त्यांचे पूर्वग्रह, त्यांचा थकवा, त्यांच्यावरील मुदतीचा ताण आणि त्यांना मिळणारा मोबदला या सर्वांचा परिणाम सदोष किंवा निर्दोष उत्पादनात उतरतो. म्हणूनच हा विषय संगणकशास्त्राइतकाच मानसशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचाही आहे.

सिद्ध करण्याची ओढ

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. '२-४-६ या संख्या एका नियमात बसतात, तो नियम ओळखा' असे सहभागी व्यक्तींना सांगण्यात आले. त्यांनी स्वतः तीन-तीन संख्या सुचवायच्या आणि प्रयोगकर्त्याने त्या नियमात बसतात की नाही एवढेच सांगायचे, अशी पद्धत होती. अनेकांनी 'दोनाने वाढणाऱ्या संख्या' असा तर्क केला आणि ८-१०-१२, २०-२२-२४ अशी त्या तर्काला धरूनच उदाहरणे दिली. प्रत्येक वेळी होकार मिळत गेला आणि चुकीचा तर्क पक्का होत गेला. प्रत्यक्ष नियम 'चढत्या क्रमातील कोणत्याही संख्या' एवढाच होता. १-७-३० असे एखादे उदाहरण विचारले असते, तर आपला तर्क अपुरा आहे हे तत्काळ कळले असते. आपल्या समजुतीला दुजोरा देणारा पुरावाच शोधण्याच्या या प्रवृत्तीला 'कन्फर्मेशन बायस', म्हणजे पुष्टीकरणाचा कल, असे म्हणतात.

आज्ञावली लिहिणारा स्वतःच तिची चाचणी करतो तेव्हा हीच प्रवृत्ती काम करते. ज्या गृहीतकांवर त्याने आज्ञावली लिहिली, त्याच गृहीतकांवर तो चाचणीची उदाहरणे बेततो. वय विचारणाऱ्या रकान्यात तो २५ किंवा ४० भरून पाहतो. शून्य, ऋण संख्या, रिकामी जागा किंवा अक्षरे भरून पाहणे त्याला सुचत नाही. शिवाय स्वतःच्या निर्मितीत दोष शोधण्यास मन सहसा तयार नसते. ग्लेनफोर्ड मायर्स यांनी १९७९ च्या 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' या ग्रंथात चाचणीची व्याख्याच बदलली. आज्ञावली बरोबर चालते हे दाखविण्यासाठी नव्हे, तर तिच्यातील चुका सापडाव्यात या उद्देशाने ती चालवून पाहणे म्हणजे चाचणी, असे त्यांनी मांडले. उद्देश बदलला की निवडलेली उदाहरणे बदलतात आणि उदाहरणे बदलली की निष्कर्ष बदलतो. ज्या चाचणीत दोष सापडला ती यशस्वी, असा दृष्टिकोन त्यातून पुढे आला.

पूर्वीच्या यशानेही दृष्टी झाकोळते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे 'एरियान-५' हे अग्निबाण फ्रेंच गयानातील कुरू येथून झेपावले आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. दिशा व स्थिती मोजणाऱ्या उपकरणाचे सॉफ्टवेअर 'एरियान-४' मधून घेतले होते आणि तेथे ते उत्तम चालले होते. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग मात्र बराच अधिक होता. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसविताना ती मावली नाही आणि उपकरण बंद पडले. नव्या अग्निबाणाच्या उड्डाणमार्गाची आकडेवारी देऊन या उपकरणाची चाचणी घेतली गेली नव्हती, हे चौकशी मंडळाने दाखवून दिले. जे यापूर्वी चालले ते पुढेही चालेल, हा विश्वास येथे महागात पडला.

अवधान : एक मर्यादित साधन

अर्थशास्त्रात ज्याला दुर्मिळ साधन म्हणतात, ते चाचणीच्या कामात अवधान होय. पडद्यावरील रडारच्या खुणांवर तासन्‌तास नजर ठेवणाऱ्यांच्या कार्यक्षमतेचा अभ्यास ब्रिटनमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी केला व तो १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. घड्याळासारख्या तबकडीवर फिरणारा काटा मधूनच दुप्पट उडी घेई. ती उडी टिपणे एवढेच काम होते. पहिल्या अर्ध्या तासातच टिपण्याचे प्रमाण घसरू लागल्याचे आढळले. काम अवघड नसतानाही, किंबहुना ते एकसुरी असल्यामुळेच, लक्ष ढळत गेले.

दुसरी अडचण दोषांच्या विरळपणाची आहे. जेरेमी वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना चित्रांमधून विशिष्ट वस्तू शोधायची होती. निम्म्या चित्रांत ती वस्तू असताना ती नजरेतून सुटण्याचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. ती केवळ १ टक्का चित्रांत ठेवली, तेव्हा हेच प्रमाण ३० टक्क्यांवर गेले. वारंवार काहीच सापडत नसले की मन 'काही नाही' असे म्हणण्यास सरावते. विमानतळावरील सामानाची तपासणी आणि क्ष-किरण चित्रांचे वाचन यांबाबत हा निष्कर्ष महत्त्वाचा मानला गेला. सॉफ्टवेअर चाचणीलाही तो तंतोतंत लागू पडतो. उत्पादन जसजसे सुधारते, तसतसे उरलेले दोष विरळ होतात आणि सापडण्यास अधिकाधिक कठीण होत जातात. त्यातच त्याच त्या चाचण्या पुन्हा पुन्हा केल्या, तर त्यांची परिणामकारकता घटते. एकच कीटकनाशक वारंवार फवारल्यास उरलेली कीड त्याला दाद देत नाही, तसा हा प्रकार आहे. बोरिस बायझर यांनी त्याला 'पेस्टिसाइड पॅराडॉक्स' असे नाव दिले.

या मर्यादा ओळखून कामाची आखणी करता येते. 'आयबीएम' कंपनीतील मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये आज्ञावलीच्या सामूहिक तपासणीची शिस्तबद्ध पद्धत मांडली. एक बैठक दोन तासांपेक्षा अधिक चालवू नये, असा दंडक तिच्यात होता. कारण त्यानंतर दोष हेरण्याची क्षमता उतरते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली होती. शरीराच्या थकव्याचा विचार त्या कायद्याने केला, तसा अवधानाच्या थकव्याचा विचार फॅगन यांच्या पद्धतीने केला. पुन्हा पुन्हा करावयाच्या ठरावीक चाचण्या यंत्राकडे सोपविण्याचे समर्थनही येथेच मिळते. यंत्राला कंटाळा येत नाही. मात्र कोणते प्रश्न विचारायचे, हे ठरविण्याचे काम माणसाकडेच राहते.

वेळापत्रकाचे शेवटचे टोक

सर्वसाधारण प्रकल्पात चाचणी शेवटी येते. आराखडा लांबला, लेखन लांबले, तरी सादर करण्याची तारीख बदलत नाही. परिणामी चाचणीचे दिवस कापले जातात. यामागेही एक मानसिक प्रवृत्ती आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये 'नियोजनातील भ्रम' ही संकल्पना मांडली. स्वतःच्या कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज माणूस नेहमी कमी करतो, असे तिचे सूत्र आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पूर्ण होईल, असे विचारले गेले. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक काळ लागला. परीक्षेच्या अभ्यासाचे वेळापत्रक आखणाऱ्या कोणालाही हा अनुभव अपरिचित नाही.

फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात एकूण कालावधीचा निम्मा भाग चाचणीसाठी राखावा, असा ठोकताळा दिला. उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसे घातली तर उशीर वाढतोच, हे त्यांचे निरीक्षणही प्रसिद्ध आहे; कारण नव्यांना शिकविण्यात आणि परस्परांत समन्वय राखण्यात जुन्यांचा वेळ खर्च होतो. हा ठोकताळा दुर्लक्षिल्याचे मोठे उदाहरण अमेरिकेच्या आरोग्य विमा संकेतस्थळाचे आहे. ते १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले आणि पहिल्या दिवशी अवघ्या ६ जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. संपूर्ण यंत्रणेची एकत्रित चाचणी केवळ शेवटच्या दोन आठवड्यांत झाली होती, असे कंत्राटदारांनी संसदीय समितीपुढे सांगितले. राजकीयदृष्ट्या जाहीर झालेली तारीख पुढे ढकलण्याची किंमत सर्वांना दिसत होती. अपुऱ्या चाचणीची किंमत मात्र तारीख उलटेपर्यंत कोणालाच दिसत नव्हती.

मोजमाप, मोबदला आणि खर्चाचा भार

चाचणी करणाऱ्याचे काम मोजणे अवघड असते. म्हणून सापडलेल्या दोषांची संख्या, पार पाडलेल्या चाचण्यांची संख्या किंवा कामाचे तास अशी सोपी मापे वापरली जातात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात दिलेला इशारा येथे आठवतो. एखादे माप नियंत्रणासाठी वापरू लागले की त्याची विश्वासार्हता ढासळते, असा त्याचा आशय आहे. दोषांच्या संख्येवर बक्षीस ठेवले, तर किरकोळ दोषांच्या नोंदींचा ढीग पडतो आणि एका गंभीर दोषामागे चार दिवस घालविणारा मागे पडतो. त्याच संख्येवर आज्ञावली लिहिणाऱ्याचे मूल्यमापन केले, तर प्रत्येक नोंद वादाचा विषय बनते. फॅगन यांच्या पद्धतीत तपासणीचे निष्कर्ष व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी वापरू नयेत, असा दंडक होता, तो याच कारणासाठी. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ मध्येच, आज्ञावली ही लिहिणाऱ्याच्या अहंकाराचा भाग मानू नये, असा विचार मांडला होता.

याहून मूलभूत प्रश्न खर्चाचा भार कोणावर पडतो, हा आहे. अमेरिकेच्या 'राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थे'साठी २००२ मध्ये झालेल्या अभ्यासाने सदोष सॉफ्टवेअरमुळे त्या देशाचे वर्षाला सुमारे ५,९५० कोटी डॉलरचे, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६ टक्के इतके नुकसान होत असल्याचा अंदाज दिला. या नुकसानीचा निम्म्याहून अधिक भार वापरकर्त्यांवर पडत होता. चाचणीच्या सुविधा सुधारल्यास त्यातील सुमारे २,२२० कोटी डॉलर वाचू शकतील, असेही त्यात म्हटले होते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही 'बाह्य परिणामा'ची स्थिती होय. चाचणीत केलेल्या बचतीचा लाभ निर्मात्याला मिळतो आणि तिच्या परिणामाची किंमत तिसराच कोणी मोजतो. कारखान्याच्या धुराड्याबाबत जे तर्कशास्त्र लागू पडते, तेच येथेही पडते. आणि अशा स्थितीत केवळ बाजारावर विसंबून पुरेशी चाचणी होईल, असे मानता येत नाही.

भारताच्या संदर्भात

भारताच्या दृष्टीने हा विषय दोन बाजूंनी महत्त्वाचा आहे. पहिली बाजू रोजगाराची. बंगळूर, हैदराबाद, चेन्नई, पुणे, नोएडा अशा शहरांत परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर चाचणीचे काम मोठ्या प्रमाणावर चालते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात, तेव्हा भारतात उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. त्यामुळे बैठका रात्री उशिरा होतात आणि काही गटांना रात्रपाळी करावी लागते. पहाटेच्या प्रहरी मानवी शरीराची सावधता सर्वांत कमी असते. नेमक्या त्याच वेळी बारकाईने पाहण्याचे काम करावे लागते. मोबदला तासांवर आकारला गेला, तर कागदावर रात्रीचा तास आणि सकाळचा तास सारखेच दिसतात. त्यांत हाती लागणाऱ्या दोषांचा हिशेब मात्र सारखा राहील, याची खात्री देता येत नाही. दोषाची नोंद लिहिणारा आणि ती वाचणारा दोन वेगळ्या खंडांत असले, तर नोंदीच्या भाषेलाही महत्त्व येते. 'तुमचे चुकले' असा सूर असलेल्या नोंदीपेक्षा काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले, एवढेच सांगणारी नोंद लवकर स्वीकारली जाते.

दुसरी बाजू नागरिकांची. रेल्वे आरक्षण, प्राप्तिकर, शिष्यवृत्ती, शिधावाटप, परीक्षांचे अर्ज अशा अनेक सेवा आज संगणकीय यंत्रणांवर चालतात आणि त्या वापरणाऱ्यांचीही एक लय असते. रेल्वेचे तत्काळ आरक्षण वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता खुले होते. त्या मिनिटाला देशभरातून एकच गर्दी उसळते. ३१ जुलै २०२२ या अंतिम दिवशी प्राप्तिकराची सुमारे ७२.४२ लाख विवरणपत्रे दाखल झाली. त्या तारखेपर्यंतची एकूण संख्या सुमारे ५.८३ कोटी होती. म्हणजे आठापैकी सुमारे एका करदात्याने शेवटचा दिवस गाठला. अशा यंत्रणेची चाचणी सरासरी दिवस धरून केली, तर ती अपुरीच ठरेल. मुदत संपत आली असताना, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर, खंडित होणाऱ्या जोडणीवर, घाईने तीच कळ तीनदा दाबणारा अर्जदार डोळ्यांपुढे ठेवून चाचणी व्हावी लागते. टायलरच्या तंत्रज्ञाची ८ सेकंदे येथे वेगळ्या रूपात पुन्हा समोर येतात.

उपाययोजनांची दिशा

या विवेचनातून काही तत्त्वे हाती येतात. पहिले तत्त्व स्वातंत्र्याचे. दोष शोधणारा गट निर्मिती करणाऱ्या गटापासून पुरेसा स्वतंत्र असावा. भारतात 'मानकीकरण, चाचणी व गुणवत्ता प्रमाणन' संचालनालयाकडून होणारे प्रमाणन, तसेच शासकीय संकेतस्थळांचे मान्यताप्राप्त संस्थांकडून होणारे सुरक्षा लेखापरीक्षण ही या तत्त्वाचीच रूपे आहेत. दुसरे तत्त्व राखीव वेळेचे. चाचणीचा कालावधी आरंभीच निश्चित व्हावा आणि निविदेत त्याचा स्वतंत्र उल्लेख असावा, म्हणजे आधीच्या टप्प्यांचा उशीर त्यातून वसूल केला जाणार नाही. तिसरे तत्त्व शाश्वत गतीचे. केंट बेक यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' पद्धतीत आठवड्याला ४० तासांच्या कामाचा आग्रह होता. दीर्घकाळ टिकेल अशाच गतीने काम व्हावे, हे सूत्र २००१ च्या 'अजाइल' जाहीरनाम्यामागील तत्त्वांतही आले. चौथे तत्त्व, चाचणी करणाऱ्यांत खऱ्या वापरकर्त्यांचा समावेश करण्याचे.

ही तत्त्वे व्यवहारात उतरू शकतात, याचे उदाहरण अमेरिकेच्या अंतराळ यानाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गटाने घालून दिले. तेथे लिहिणारे आणि तपासणारे असे दोन स्वतंत्र गट होते. तपासणाऱ्यांना काही सापडू नये म्हणून लिहिणारे अधिक काळजी घेत आणि तपासणारे अधिक कसोशीने शोधत. कामाच्या वेळा नियमित होत्या. रात्र-रात्र जागण्याला तेथे प्रतिष्ठा नव्हती. चूक सापडली की ती कोणी केली यापेक्षा ती कोणत्या पद्धतीमुळे निसटली, याचा शोध घेतला जाई. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार सुमारे ४ लाख २० हजार ओळींच्या या सॉफ्टवेअरच्या शेवटच्या तीन आवृत्त्यांत प्रत्येकी एकच चूक आढळली होती. असा खर्च प्रत्येक प्रकल्पाला परवडणारा नाही, हे खरे. परंतु गटांची रचना, कामाच्या वेळा आणि चुकीकडे पाहण्याची दृष्टी या तीन गोष्टींना पैशापेक्षा निर्धार अधिक लागतो.

चाचणीने दोष असल्याचे सिद्ध करता येते, दोष नसल्याचे कधीही सिद्ध करता येत नाही, हे डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. म्हणून 'चाचणी पूर्ण झाली' या वाक्याचा अर्थ 'ठरलेला वेळ आणि पैसा संपला' एवढाच असतो. तो वेळ व पैसा किती असावा, हे ठरविणाऱ्या बैठकीत ग्राहक, कंत्राटदार आणि अधिकारी उपस्थित असतात. उपचाराच्या टेबलावरील रुग्ण किंवा अंतिम तारखेच्या रात्री अर्ज भरणारा विद्यार्थी तेथे नसतो. उद्याच्या प्रशासकांसमोर, या अनुपस्थित माणसाचे हित निविदेत, वेळापत्रकात आणि मूल्यमापनाच्या निकषांत लेखी स्वरूपात आणण्याचे काम आहे.